म्हाताऱ्यांची एकेचाळिसावी रेकॉर्ड

गल्लीत त्यांना सगळे दातवाल्या बाई म्हणत. खरं तर बाई कुणाचे दात बघत नसत, काढत तर नसतच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि बाई त्या मापावरून कवळी करून देत. तीस वर्षं हेच काम. लॅब दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत मदतनीस मामा प्लॅस्टरचे साचे ओतत, आतल्या खोलीत बाई मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवत. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत. नवीन माणूस आत आला की हमखास दचकायचा. मामा म्हणायचे, "एवढी तोंडं आहेत इथं, पण एकही उलटून बोलत नाही. नोकरी करावी तर अशा ठिकाणी."

एखादा दात सूतभर पुढे आला तरी बाईंना चैन पडत नसे. पट्टी, कंपास, पुन्हा पट्टी. डोळ्याचं काही खरं नाही, मापाचं खरं, असं त्या मामांना दिवसातून दोनदा तरी ऐकवत. मामाही दर वेळी मान डोलवत, जणू पहिल्यांदाच ऐकतायत.

घरी मुलगा होता. लहानपणी शर्टाची गुंडी गिळली म्हणून ताईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्याचं नाव गुंड्या पाडलं आणि तेच राहिलं. गुंड्या मोठा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून घरी यायचा, हात धुवायचा आणि रेकॉर्ड लावायचा. रेकॉर्ड म्हणजे गाणी नव्हेत. गाणारं कुणी नसायचंच. यंत्रांचे आवाज. घूंऽऽ सुरू झालं की पंधरा मिनिटं घूंऽऽच.

"ही काय पिठाची गिरणी घरात आणून ठेवलीस?" बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

"आई, हे माझे म्हातारे आहेत. त्यांना नावं ठेवायची नाहीत."

म्हातारे म्हणजे एक जोडगोळी. कुठल्याशा दूरच्या शहरात दोन तरुणांनी पन्नास वर्षांपूर्वी वायरी, खटके आणि पेट्या जोडून संगीत करायला सुरुवात केली. पहिल्या चार रेकॉर्डी जगभर गाजल्या. मग लोकांना दुसरं काहीतरी आवडायला लागलं. पण ही जोडी थांबली नाही. दरवर्षी एक, कधी दोन, कधी तीन. एकूण सदुसष्ट रेकॉर्डी. पहिल्या चार सगळ्यांना माहीत, पुढच्या त्रेसष्टांना कुणी विचारत नाही. गुंड्याला याचाच राग यायचा.

"कुणाच्या घरी जायचं, भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो बघायचा आणि 'वा, छान' म्हणून चालू लागायचं, तसं आहे हे," तो म्हणायचा. "माणूस आत बसलाय अजून. त्याच्याशी कुणी बोलतच नाही."

त्यानं म्हाताऱ्यांच्या नंतरच्या रेकॉर्डी शोधून शोधून तेवीस जमवल्या होत्या. रेकॉर्ड प्लेअर मात्र तो जिवापाड जपायचा. बाईंनी एकदा धूळ पुसता पुसता त्याचा छोटा खटका हलवला होता आणि संध्याकाळी रामायण झालं होतं. "पूस, पण त्या खटक्याला हात लावू नकोस," असं त्यानं बजावून ठेवलं होतं. बाईंनी नंतर कधीही लावला नाही. सांगितलेलं पाळायचं, हा त्यांचा स्वभाव.

सव्विसाव्या वर्षी गुंड्याचं रक्त बिघडलं. सात महिने दवाखाना झाला आणि आठव्यात डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. म्हणजे काय ते बाईंना कळलं, त्यालाही कळलं, आणि दोघांनी एकमेकांना कळू दिलं नाही. ताई दूरच्या गावी नोकरीला होती, आठ महिन्यांची गरोदर. तिला प्रवासाची बंदी होती. ती रोज फोन करायची आणि फोनवर तिघंही हवापाण्याचं बोलायचे.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गुंड्या म्हणाला, "आई, एक रेकॉर्ड लावतेस? पांढऱ्या पाकिटातली."

जुन्या बाजारातून आणलेली होती ती. मूळ पाकीट हरवलेलं, साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, मधल्या गोल कागदावर नुसता निळा रंग, अक्षर एक नाही. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच रेकॉर्ड हातात धरली, मेणावर दात ठेवावा तशी ठेवली आणि सुई टेकवली. खालून कुठून तरी एक सूर वर आला. खूप खालून. त्यात हळूहळू दुसरा मिसळला. कुणी मोठं जनावर झोपेत श्वास घेत असावं, तसं काहीतरी.

गुंड्यानं डोळे उघडले. प्लेअरकडे बघितलं, उशीवरून हात थोडा वर उचलला. बाई लगबगीनं उठल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग पेल्याकडे, आणि दोन घोट पाणी प्यायला. हात खाली ठेवला. डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तीच मागितली. "कालचीच लाव. कालच्यासारखीच."

मग रोजचा क्रम झाला. दुपारचं औषध दिल्यावर वीस मिनिटं थांबून काहीतरी खायला द्यायचं होतं. बाई औषध द्यायच्या आणि रेकॉर्ड लावायच्या. बाजू संपली, सुई खरखरायला लागली की चमचा घेऊन बसायच्या. एकोणीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात त्यांनी दोनतीनदा बघून ठेवलं होतं. गिरणी म्हणून हिणवलेलं ते संगीत आठ दिवसांत बाईंच्या अंगवळणी पडलं, पंधराव्या दिवशी त्या त्याची वाट बघायला लागल्या. एकविसाव्या दिवशी औषध द्यायची वेळ आली नाही.

त्यानंतरचे काही आठवडे कसे गेले ते बाईंना आठवत नाही. एवढं आठवतं की घरात प्लेअर डोळ्यांसमोर नको झाला. शेजारचे म्हणाले, कोपऱ्यावरच्या जुन्या रेकॉर्डीवाल्याला देऊन टाका, तिथं कुणाच्या तरी कामाला येईल. बाईंनी महिना व्हायच्या आत सगळं देऊन टाकलं. प्लेअरसकट. दारातून खोकी बाहेर जाताना त्या आत भांडी घासत होत्या.

तीन महिन्यांनी एका सकाळी लॅबमध्ये मेण तापवताना त्यांच्या तोंडातून तो सूर आपसूक बाहेर पडला. खूप खालून आलेला. मामांनी बाहेरून विचारलं, "बाई, काय म्हणालात?"

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि सूर पुढे म्हणून बघायला लागल्या. चौथ्यापुढचा सूर कोणता ते त्यांना सांगता येईना.

त्या संध्याकाळी त्यांनी ताईला फोन केला. ताईच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी रडत होती.

"त्या दुकानात विचार ना जरा," बाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं तिथं जाववणार नाही."

ताईनं विचारलं. दुकानदार फोनवर म्हणाला, म्हाताऱ्यांच्या ना, त्या आठवड्याभरातच गेल्या.

"जाऊ दे गं आई. सगळं मोबाइलवर मिळतं. सदुसष्टच्या सदुसष्ट आहेत. मी तुला लावून देते, तू ऐकत बस. कोणती होती?"

"नाव नव्हतं तिच्यावर."

"मग?"

"मग सगळ्या ऐकेन."

"आई, तू जेवतेस ना नीट?" ताईनं विचारलं.

पहिल्या चार घरी वाजून वाजून ओळखीच्या झाल्या होत्या, त्या सोडून बाईंनी बाकीच्या त्रेसष्ट रेकॉर्डी ऐकायला घेतल्या. लॅबमध्ये एका कानात इअरफोन आणि हातात मेण. फोनवर प्रत्येक तुकड्यापुढे मिनिटं लिहिलेली असायची, ते बरं झालं. सतरा मिनिटांच्या आतलं काही असलं तर बाई जरा चव घेऊन पुढे जायच्या, कारण आपली एकोणिसाची आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. लांब तुकडे मात्र शेवटपर्यंत. एका वहीत त्या प्रत्येकीपुढे दोन ओळी लिहीत. 'सातवी: टिनावर पाऊस. ही नव्हे.' 'बारावी: नुसती पळापळ. ही नव्हे.' 'सोळावी: चांगली आहे, पण ही नव्हे.'

ऐकता ऐकता त्यांना म्हाताऱ्यांची ओळख होत गेली. आठवीपासून पंधरावीपर्यंत दोघं स्वतःचीच नक्कल करत होते. आपलं एकदा खपलेलं काम पुन्हा करून बघण्याचा मोह बाईंना माहीत होता. तीस कवळ्या एकसारख्या झाल्या की हात सुखावतो आणि डोकं झोपतं. विसाव्या रेकॉर्डीत कुणीतरी गायला आणलं होतं, ते फसलं. चोविसावी कुठल्याशा संग्रहालयासाठी केलेली, तिच्यात दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज. सव्विसावीत त्यांनी पहिलीच रेकॉर्ड नव्यानं करून बघितली. बाईंनी ती बंद केली. त्यांना लाजल्यासारखं झालं, म्हाताऱ्यांच्या वतीनं.

एकतिसावीला त्या थबकल्या. काहीतरी कमी होतं. दोघांपैकी एक नेहमी खालून टेकू द्यायचा, जाड, सावकाश, आणि दुसरा वर नाचायचा. इथं वरचा नाचत होता आणि खाली काही नव्हतं. बरं, त्यानं ती जागा भरलीही नव्हती. टेकू यायचा तिथं तो थांबायचा, तेवढा वेळ सोडायचा आणि मग पुढे जायचा. बाईंनी ताईला विचारलं. ताईनं शोधून सांगितलं, तीस आणि एकतीसच्या मधे दुसरा वारला.

"मामा," बाई त्या दिवशी म्हणाल्या, "दात पडला की शेजारचे दात सरकून जागा बुजवतात की नाही?"

"सरकतातच की."

"हा सरकलेला नाही."

मामांना काही कळलं नाही, पण त्यांनी चहा करून आणला आणि बाईंच्या समोर ठेवून बाहेर गेले.

एकटा म्हातारा एकतिसावीनंतर आणखी छत्तीस रेकॉर्डी करत राहिला होता. अजून करत होता. बाईंनी त्या सगळ्या ऐकल्या. काही इतक्या कंटाळवाण्या की त्यांचा हात मेणात चुकला. एकोणचाळिसावी आणि चाळिसावी मात्र त्यांनी दोनदा ऐकल्या. एकेचाळिसावीत दोनच तुकडे होते, चौदा चौदा मिनिटांचे. पहिला सुरू झाला तो चिमण्यांचा कालवा. लगबग, चुरचूर. अर्ध्या मिनिटात बाईंनी वहीत लिहिलं, 'एकेचाळिसावी: तुकडे लहान. ही नव्हे,' आणि पुढे गेल्या.

सात महिने गेले आणि सदुसष्टावी संपली. बाईंनी वही मिटली. त्रेसष्टांपैकी एकही नव्हती.

याहून वाईट आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी ताईलाही सांगितली नाही. रोज सकाळी उठल्यावर त्या तो सूर मनात म्हणून बघायच्या, डब्याचं झाकण नीट बसलंय ना बघावं तसा. सुरुवातीला चार सूर यायचे. मग तीन. इतक्या महिन्यांत डोक्यात ओतलेल्या या त्रेसष्ट रेकॉर्डींनी मूळचा सूर धुऊन नेत आणला होता. शोधल्याशिवाय सापडणार नव्हता आणि शोधता शोधता पुसला जात होता. त्या आठवड्यात सकाळी फक्त पहिला सूर आला, आणि तोही आपला की म्हाताऱ्याच्या दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डीतला, हे बाईंना सांगता येईना. गुंड्याच्या एकवीस दुपारींतलं हाताला लागणारं एवढंच उरलं होतं. चेहरा फोटोत होता. त्या दुपारी फोटोत नव्हत्या.

"आई, तू आता थांब," ताई फोनवर म्हणाली. "तू स्वतःला त्रास करून घेतेयस. त्याला आवडलं असतं का हे?"

"त्याला काय आवडलं असतं ते मला कळलं असतं तर..." बाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी त्या पॉलिशच्या मोटरवर कवळी घासत होत्या. ही मोटर म्हणजे लॅबमधली सगळ्यात कजाग बाई, असं मामा म्हणत. तिचा तार आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. घासता घासता खोलीतला दिवा मंद झाला. त्या भागात विजेचा दाब दुपारी असाच पडायचा. मोटर बंद पडली नाही, पण तिची फिरकी मंदावली आणि तिचा तार आवाज उतरत उतरत पार खाली गेला. जाड, गोल, झोपेतल्यासारखा.

"आज बाईसाहेब रागावायच्या सोडून रडायला लागल्या," मामा बाहेरून म्हणाले.

बाईंनी कवळी खाली ठेवली. मोटर तीच होती. चाकही तेच. फक्त सावकाश फिरत होतं.

प्लेअरचा खटका त्यांना डोळ्यांसमोर दिसला. त्याच्या एका बाजूला तेहतीस लिहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस. रोज धूळ पुसताना वाचलेले आकडे, तबकडी मिनिटाला किती वेळा फिरायची त्याचे. खटका नेहमी तेहतिसावर असायचा आणि हात लावायचा नाही असं बजावलेलं होतं.

त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. वहीत 'तुकडे लहान' म्हणून सोडलेली एकेचाळिसावी, तिच्या एका बाजूची चौदा मिनिटं, गुणिले पंचेचाळीस, भागिले तेहतीस. उत्तर एकोणीस आलं. त्यांनी पुन्हा मांडलं. पुन्हा एकोणीस. विजेचा दाब परत वाढला आणि मोटर किंचाळली, तरी बाई त्या चिठ्ठीकडे बघत होत्या. तीस वर्षं ज्याचं खरं मानलं त्या मापानंच त्यांना सात महिने फिरवलं होतं.

त्या तशाच निघाल्या, एप्रनला पांढरी भुकटी लागलेली. मामांनी विचारलं, "कुठं?" त्या म्हणाल्या, "दुकानात." मामांना वाटलं मेण संपलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात जुनी पुस्तकं, जुने रेडिओ आणि रेकॉर्डीवाला. बाईंनी विचारलं, म्हाताऱ्यांची एकेचाळिसावी कुठून मागवता येईल का?

"मागवायची कशाला?" रेकॉर्डीवाला म्हणाला. "आहे ना. म्हाताऱ्यांच्या तेवीस आहेत माझ्याकडे, एकाच घरातून आलेल्या. पहिल्या चार होत्या, त्या आठवड्याभरातच उचलल्या लोकांनी. लोक त्या चारच मागतात. बाकीच्या खालच्या खोक्यात."

खोक्यात शेवटी पांढरं पाकीट होतं. मूळ पाकीट नसलेली रेकॉर्ड कोण घेणार. बाईंनी निळा गोल बघितला आणि रेकॉर्ड त्याच्या हातात दिली.

"हीच ती, मधे कोरलेल्या बारीक आकड्यावरून कळतं. वाजवून दाखवतो," म्हणत त्यानं ती काउंटरवरच्या प्लेअरवर ठेवली. गुंड्याचाच प्लेअर. त्यानं खटका पंचेचाळिसावर सरकवायला हात नेला.

"तो तेहतिसावर ठेवा," बाई म्हणाल्या.

"बाई, ही पंचेचाळिसाची आहे. मोठी तबकडी बघून पुष्कळजण फसतात. माणूस गात असला तर लगेच कळतं, दारू प्यायल्यासारखा वाटतो. यात गाणारं कुणी नाही म्हणून कळत नाही. पण म्हाताऱ्यानं ही अशी केलेली नाही. चुकीचं वाजेल."

"माहीत आहे. वाजू द्या."

खूप खालून सूर वर आला. त्यात दुसरा मिसळला, मग तिसरा, मग चौथा, सगळे आपापल्या जागी. बाई काउंटरपाशी स्टुलावर बसल्या. त्यांना ती पहिली दुपार दिसली. उघडलेले डोळे, प्लेअरकडे गेलेली नजर, उशीवरून वर आलेला हात. तो हात पाण्यासाठी नव्हता. त्याला सांगायचं होतं, आई, खटका. आणि आई पाण्याचा पेला घेऊन उभी होती, धडपडत आलेली, पेल्यातलं थोडं सांडलेलं. मग तो पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी तो कालच्यासारखीच म्हणाला होता. ते आवडलं म्हणून की आईला चुकलं म्हणायला नको म्हणून, हे विचारायला आता कुणी नव्हतं. आपल्या लाडक्या म्हाताऱ्याचं संगीत त्यानं एकवीस दिवस चुकीच्या वेगानं ऐकून घेतलं होतं. किंवा त्याला शेवटी सावकाशच हवं होतं. बाईंनी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला आणि दोन्ही बाजूंनी तो सारखाच दुखला.

एकोणीस मिनिटांनी सुई खरखरायला लागली. रेकॉर्डीवाल्यानं ती उचलली. त्यानं बाईंकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, आणि कोणत्या घरातून ती आली होती ते बहुधा त्याच्या ध्यानात आलं. "प्लेअर मी घरी पोहोचवतो," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. बाईंनी तिला सांगितलं, सापडली.

"खरंच? कितवी?"

"एकेचाळिसावी."

"थांब, मी आत्ताच लावते," ताई म्हणाली. तिनं त्या एकवीस दुपारींपैकी एकही बघितली नव्हती, आणि सगळ्यांत जास्त तेच तिच्या मनाला खात होतं, हे बाईंना ठाऊक होतं. फोनमधून बारीक आवाजात चिमण्यांचा कालवा ऐकू आला. लगबग, चुरचूर. बाळ तो ऐकून खिदळलं.

"ही?" ताईनं विचारलं. तिच्या आवाजात थोडी निराशा होती. "हे ऐकायचा तो?"

"हे नाही गं," बाई म्हणाल्या. "तो जे ऐकायचा ते तिथं मिळायचं नाही. ते फक्त आपल्या घरी वाजतं."

फोनमधल्या चिमण्या थांबल्या.

"मग मी काय करू?"

"बाळाला घेऊन ये. दुपारची ये."